कुणकेश्वरची गुहा आणि काळ्या दगडातले चेहरे

आजचा विषय एका लहानशा गुहेचा आहे. अजिंठा-वेरूळचं नाव काढलं की डोळ्यांसमोर जे भव्य चित्र उभं राहतं, तसलं इथे काही नाही. समुद्राकाठचं एक शिवमंदिर, त्याच्या पूर्वेला डोंगर, आणि त्या डोंगरात माणसाच्या हातांनी खोदलेली एक छोटी अंधारी जागा. आत शिवलिंग, नंदी आणि काळ्या दगडात घडवलेले स्त्री-पुरुषांचे चेहरे. हे चेहरे कुणाचे, इथे कधी आले आणि का आले, हा आजचा प्रश्न.

ठिकाण आहे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यातलं कुणकेश्वर. मालवणहून आचऱ्यावरून किनाऱ्याच्या रस्त्याने वर येता येतं. देवगडहून आलात तर आता तारामुंबरी-मिठमुंबरीच्या पुलामुळे वळसा वाचतो. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते आणि कुणकेश्वराला ‘कोकणची काशी’ म्हणतात, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक असेल. देवळात माणसांची रीघ असते. गुहेकडे मात्र त्यातले थोडेच वळतात. आम्हीही पहिल्यांदा गेलो तेव्हा दर्शन घेऊन, वाळूत फिरून परत निघालो होतो. पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, “गुहेत जावन इलात?” आम्ही नाही म्हटलं. “मग काय बघितलात?” असं म्हणून त्यांनी हाताने वरची वाट दाखवली. तेव्हा हे व्याख्यान मुळात त्यांचं देणं आहे.

1920 साली काय सापडलं?

ही गुहा उजेडात आली 1920 साली, आणि तीही योगायोगाने. त्या वेळी सिंधुदुर्ग नावाचा जिल्हाच नव्हता. देवगड हा मुंबई इलाख्यातल्या रत्नागिरी जिल्ह्याचा तालुका होता. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी.

‘योगायोगाने सापडली’ या दोन शब्दांत बरंच काही दडलेलं असतं. एखादी जागा योगायोगाने सापडते याचा अर्थ मध्ये कधीतरी ती विसरली गेली होती. देऊळ नांदतं होतं, पूजा चालू होती, जत्रा भरत होती. आणि हाकेच्या अंतरावर, त्याच देवाचं लिंग आणि नंदी असलेली गुहा गावाच्या आठवणीतून पुसली गेली होती. हे आपोआप होतं का? मातीचा ढिगारा येऊन तोंड बंद झालं असेल, झाडोरा माजला असेल. किंवा कुणीतरी मुद्दाम तोंड बंद केलं असेल. या शक्यतेकडे आपण नंतर परत येऊ.

आता आधी एक साधी गोष्ट. गुहा माणसाने केलेली आहे की निसर्गाने, हे कसं ओळखायचं? कोकणात दोन्ही प्रकार आहेत. आपल्याच जिल्ह्यात कोळोशीला एक नैसर्गिक गुहा आहे. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने तिथे उत्खनन केलं आणि अश्मयुगातली दगडी हत्यारं मिळाली. तिथे माणूस राहिला, पण गुहा त्याने खोदलेली नव्हती. नैसर्गिक पोकळीला कोन नसतात. छत कमान धरतं, भिंती वाकतात, जमीन उतरती असते. माणसाने खोदलं की भिंत आणि छत जिथे मिळतात तिथे कोपरा दिसतो, दाराच्या दोन्ही बाजू साधारण सारख्या असतात, आणि नीट बघितलं तर हत्याराचे घाव दिसतात. एकाच दिशेने तिरके उतरलेले, एकाखाली एक. हे घाव म्हणजे त्या कारागिराची सहीच.

दगड काय सांगतो?

पुढे जाण्याआधी दगडाबद्दल बोलायला हवं, कारण या कोड्याची अर्धी किल्ली दगडात आहे.

दक्षिण कोकणातला आपला रोजचा दगड म्हणजे जांभा. घरं त्याच्या चिऱ्यांची, विहिरी त्याच्या, गडग्यांचे दगडही तेच. भरपूर पाऊस आणि उष्ण हवा यांच्यात मूळ खडक हजारो-लाखो वर्षं झिजत जातो. त्यातली विरघळणारी द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात आणि लोखंड-ॲल्युमिनियमची संयुगं मागे उरतात. म्हणून तो गंजासारखा तांबडा आणि भोकाभोकांचा. 1807 साली फ्रान्सिस बुकनन या सर्वेक्षकाने केरळातल्या या दगडाचं वर्णन करताना त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. लॅटिनमध्ये वीट या अर्थाचा जो शब्द आहे त्यावरून. कारण त्याने लोकांना हा दगड विटेसारखा कापून वापरताना पाहिलं. आपल्या चिरेखाणीवर आजही तेच चालतं. जमिनीतून ताजा काढला की तो मऊ असतो, कापता येतो. वारा-ऊन लागलं की घट्ट होतो.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, जांभ्यात खोली खोदणं तुलनेने सोपं. सह्याद्रीतल्या काळ्या बेसाल्टमध्ये लेणं कोरायचं तर पिढ्या लागतात, जांभ्यात ते काम बरंच लवकर होतं. म्हणून आपल्या भागात दगड खोदून जागा करण्याची सवय जुनी आहे. वाड्याचं विमलेश्वर बघा, जांभ्याच्या डोंगरातच ते कोरून काढलेलं आहे. विजयदुर्गाजवळ गिर्येच्या रामेश्वराकडे उतरणारी वाट बघा, दोन्ही बाजूंना कापलेल्या कातळाच्या भिंती आहेत. खाली गोव्यात हरवळ्याची आणि खांडेपारची लेणी आहेत, तीही जांभ्यातच.

दुसरी गोष्ट याच्या उलट आहे. जांभ्यात खोली होते, पण चेहरा होत नाही. डोळ्याची पापणी, ओठाची कड, कानातलं कुंडल, हे सगळं त्या भोकाभोकांच्या दगडात टिकत नाही. बारीक काम करायला गेलात तर टवका निघतो. म्हणून या प्रदेशातला शिल्पकार काय करतो? खोली जांभ्यात खोदतो आणि मूर्ती दुसऱ्या, घट्ट, काळ्या दगडात घडवून आत आणून बसवतो.

आता कुणकेश्वरचे चेहरे पुन्हा आठवा. ते काळ्या दगडातले आहेत. म्हणजे या गुहेच्या गोष्टीत दोन वेगळी कामं आहेत. एक, गुहा खोदण्याचं. दुसरं, चेहरे घडवण्याचं. ही दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच माणसाच्या सांगण्यावरून झाली असं आपण गृहीत धरून चालतो. पण तसं असायलाच हवं असं नाही. गुहा आधीची आणि चेहरे नंतर आणलेले असू शकतात. चेहरे आधीचे, दुसऱ्याच जागी असलेले, आणि ते ठेवण्यासाठी गुहा खोदली असंही असू शकतं. वेरूळला हा प्रश्न येत नाही, कारण तिथे मूर्ती भिंतीपासून वेगळीच होत नाही. इथे तो येतो, आणि म्हणून ‘ही गुहा किती जुनी?’ या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर देणाऱ्याकडे जरा सावधपणे बघायचं.

पांडव आले कुठून?

गावात विचारलंत तर उत्तर मिळतं, “पांडवांनी एका रातीत कोरल्यानी.” पुढे कोंबडा आरवला आणि काम अर्धं राहिलं, हेही येतं. कोकणातल्या कितीतरी जागांबद्दल हीच गोष्ट सांगतात.

आपण शहरातून जाणारी माणसं हे ऐकून हसतो. तसं करू नये. नाशिकच्या लेण्यांनाही पांडवलेणीच म्हणतात. ती बौद्ध लेणी आहेत, तिथे सातवाहन आणि क्षत्रप राजांचे शिलालेख आहेत, त्यात दान देणाऱ्यांची नावं आहेत. तरी लोकांच्या तोंडी नाव बसलं पांडवांचं. कारण ब्राह्मी लिपी वाचणारं कुणी उरलं नाही. ‘पांडवांनी केलं’ या वाक्याचा लोकभाषेतला अर्थ असा: हे फार जुनं आहे, आमच्या आजोबा-पणजोबांनी केलेलं नाही, आणि आम्ही त्याला मान देतो. तारीख म्हणून हे वाक्य चुकीचं ठरेल, पण साक्ष म्हणून ते खरं आहे. गावाच्या आठवणीतला धागा इथे तुटलाय, एवढं ते प्रामाणिकपणे सांगतं.

उलट, छापील माहितीत जे मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलेलं असतं त्याकडे जास्त बारकाईने बघायला हवं. कुणकेश्वराचं देऊळ 1100 च्या सुमारास देवगिरीच्या यादवांनी बांधलं, असं तुम्ही पुष्कळ ठिकाणी वाचाल. थोडं थांबून बघू. 1100 साली यादव सिन्नरकडे होते आणि कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते. देवगिरी ही त्यांची राजधानी झाली ती पाचव्या भिल्लमाच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस. सिंघण यादवाने कोल्हापूरच्या शिलाहार भोजाचा पराभव केला तो तेराव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे 1100 हे साल आणि देवगिरीचे यादव ही जोडी जमत नाही. एकतर साल मागे-पुढे करायला हवं किंवा राजा बदलायला हवा. देऊळ मध्ययुगीन परंपरेतलं आहे हे नाकारायचं कारण नाही. पण पुढे त्याचे वारंवार जीर्णोद्धार झालेत, आणि आजची इमारत बघून पहिल्या बांधकामाचं साल काढता येत नाही.

मग त्या काळी इथे होतं कोण?

इथे आपल्या मदतीला येतो एक ताम्रपट, आणि तो आपल्याच जिल्ह्यातला आहे. खारेपाटणचा.

दक्षिण कोकणात आठव्या शतकापासून अकराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शिलाहारांच्या एका शाखेचं राज्य होतं. त्यातला शेवटचा माहीत असलेला राजा म्हणजे रट्टराज. त्याचा खारेपाटणला मिळालेला ताम्रपट शके 930 चा, म्हणजे इ.स. 1008 चा आहे. हा ताम्रपट पहिल्यांदा वाचून प्रसिद्ध कुणी केला? बाळशास्त्री जांभेकरांनी. ‘दर्पण’कार बाळशास्त्री हे देवगड तालुक्यातल्याच पोंभुर्ल्याचे. मराठी पत्रकारितेचा जनक म्हणून आपण त्यांना दर 6 जानेवारीला आठवतो, पण आपल्या भागाचा जुना लेख वाचणारा पहिला देवगडकर म्हणूनही त्यांना आठवायला हवं. पुढे कीलहॉर्न आणि नंतर वा. वि. मिराशी यांनी या ताम्रपटावर काम केलं.

त्यात आहे काय? रट्टराजाने शैव संन्याशांच्या मत्तमयूर नावाच्या परंपरेतल्या आत्रेय या गुरूला दान दिलं, शिवाच्या देवळातली पूजाअर्चा आणि तपस्व्यांची सोय यांसाठी. त्यात गावं आहेत. आणि त्याबरोबर आणखी एक उत्पन्न आहे: परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून एक गद्याण सोनं.

मंडळी, हे वाक्य ऐकल्यावर कुणकेश्वरची दंतकथा आठवते की नाही? एक अरब किंवा इराणी व्यापारी होता, त्याचं गलबत वादळात सापडलं. दूर किनाऱ्यावर एक दिवा दिसला. त्याने नवस केला की वाचलो तर या दिव्याच्या जागी देऊळ बांधीन. वाचला, आणि शिवाचं देऊळ बांधलं. पण आता आपल्या धर्माची माणसं आपल्याला जवळ करणार नाहीत असं वाटून त्याने शिखरावरून उडी टाकून जीव दिला. त्याचं थडगं देवळाजवळ दाखवतात.

ही गोष्ट जशीच्या तशी इतिहास म्हणून मांडता येणार नाही. पण ती उगाच जन्मली असंही नाही. 1008 सालचा ताम्रपट सांगतो की या किनाऱ्यावर परदेशी जहाजं येत होती आणि त्यांच्या सोन्यावर शिवाची पूजा चालत होती. दंतकथेतला व्यापारी नवसाने देतो, ताम्रपटातला करापोटी देतो. पण समुद्र, परदेशी जहाज आणि शिवाचं देऊळ, हे तिन्ही दोन्हीकडे आहेत. आणि जो समाज शिवमंदिराच्या आवारालगत परक्या धर्माच्या माणसाचं थडगं सांभाळतो आणि त्याची गोष्ट मुलांना सांगतो, त्याच्याबद्दलही त्यातून काही कळतं.

या पार्श्वभूमीवर गुहेकडे बघा. शैव संन्यासी, त्यांना राजाश्रय, व्यापाराचा पैसा, खोदायला सोपा दगड. दहावं ते तेरावं शतक हा काळ असल्या लहान गुहांना अगदी पोषक होता. कोकणात याचं उत्तम उदाहरण दापोली तालुक्यातलं पन्हाळेकाजी. कोटजाई नदीच्या काठी 29 लेणी आहेत. आधी बौद्ध, मग वज्रयान, त्यानंतर शैव आणि गाणपत्य, शेवटी नाथपंथ. एकाच जागी हजारएक वर्षं पंथ बदलत गेले, पण गुहा सोडली नाही कुणी. म. न. देशपांडे यांनी त्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. तिथेही शिलाहारांचा ताम्रपट मिळाला, तो 1139 सालचा. आणि गोव्यात हरवळ्याच्या जांभ्याच्या लेण्यात लिंगावर ब्राह्मी लिपीतला संस्कृत लेख आहे, तो साधारण सातव्या शतकातला. म्हणजे वर दापोली, खाली डिचोली, आणि मध्ये आपलं देवगड. ही एकच पट्टी आहे.

चेहरे कुणाचे?

आता मूळ प्रश्न. गुहेत लिंग आणि नंदी असणं समजतं. पण भोवती माणसांचे चेहरे? देवाच्या मूर्तीला हातात आयुध असतं, वाहन असतं, त्यावरून ओळख पटते. इथे नुसते मुखवट्यासारखे अर्धपुतळे, डोक्यावर तऱ्हेतऱ्हेची शिरोभूषणं. शक्यता आम्ही तीन धरतो.

पहिली शक्यता, ही स्मारकं आहेत. आपल्याकडे वीरगळ आणि सतीशिळा असतात. लढाईत पडलेला वीर वर शिवलिंगापुढे बसलेला दाखवतात, म्हणजे तो शिवलोकी गेला. इथे लिंग मध्ये आणि माणसं भोवती, ही मांडणी तोच विचार दगडी चौकटीऐवजी खोलीत मांडते असं म्हणता येईल. राजघराण्यातल्या किंवा दान देणाऱ्या घराण्यातल्या व्यक्तींचे पुतळे एका गुहेत ठेवण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राजघराण्याच्या प्रतिमा होत्या. नागनिका राणी, सातकर्णी, राजपुत्र, त्यांची नावं ब्राह्मीत वर कोरलेली आहेत. तिथे नावं टिकली आणि प्रतिमा नष्ट झाल्या. कुणकेश्वरला चेहरे टिकले, नावं गेली.

दुसरी शक्यता, हे देवतांचे मुखवटे आहेत. कोकणात देवाचं रूप मुखवट्याने दाखवण्याची पद्धत आहे. पूर्वजांना, म्हणजे पूर्वसाला, देवपण देऊन पूजायचीही पद्धत आहे. मग पहिली आणि दुसरी शक्यता तितकी वेगळीही राहत नाही. आज जो घराण्याचा पुरुष, तो चार पिढ्यांनी गावाचा राखणदार.

तिसरी शक्यता, मूर्ती दुसरीकडच्या आहेत आणि इथे सुरक्षित ठेवल्या. स्वारीच्या भीतीने मूर्ती विहिरीत, जमिनीत, गुहेत लपवल्याची उदाहरणं महाराष्ट्र-गोव्यात भरपूर आहेत. मघाशी म्हटलं होतं, गुहेचं तोंड मुद्दाम बंद केलं असेल तर? तर त्याचं कारण हे असू शकतं.

आमचा कल पहिल्या शक्यतेकडे आहे, पण तुम्ही आमचं ऐकू नका, स्वतः जाऊन बघा. काय बघायचं ते सांगतो.

एक, प्रत्येक चेहरा मानेखाली कसा संपतो ते बघा. तळ सपाट तासलेला असेल तर तो मुळातच तेवढा घडवलाय. तळ ओबडधोबड, तुटका असेल तर तो एखाद्या पूर्ण मूर्तीचा तुकडा आहे. पहिल्या दोन शक्यता आणि तिसरी यांच्यातला निकाल बराचसा इथे लागतो.

दोन, सगळे चेहरे एका मापाचे आहेत का? कुटुंबाची स्मारकं असतील तर माप साधारण सारखं, पण वय-वेष वेगळा असेल. निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेल्या मूर्तींत माप, दगड, घडण, सगळंच वेगळं असेल.

तीन, शिरोभूषण, केसांचा अंबाडा, कानातली कुंडलं. वेषभूषा बदलत असते, आणि ज्या वीरगळांवर तारीख आहे त्यांच्याशी ती ताडून काळ ठरवता येतो. लेख नसतो तेव्हा हाच मार्ग.

चार, लिंग आणि नंदी त्याच दगडाचे आहेत का, आणि चेहऱ्यांचा रोख लिंगाकडे आहे का? तसा असेल तर ही उपासकांची मांडणी. पण अलीकडे कुणी हलवून ठेवले नाहीत ना, हे पुजाऱ्यांना किंवा गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारायला विसरू नका.

बघताना टॉर्च समोरून मारू नका. समोरच्या उजेडात सगळं सपाट दिसतं. बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा, म्हणजे खोबणीत सावली पडते आणि पुसट रेष उठून दिसते. त्याच उजेडात छतावरचे घावही बघून घ्या.

आणि आता मुद्दा

एवढं सगळं बारीक का सांगितलं? कारण हा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर पुसला जातोय. कुणकेश्वराबद्दलच नव्हे, किनाऱ्यावरच्या सगळ्या लहान जागांबद्दल हे बोलतोय. अन्याय करणारे परके नाहीत, भक्तच आहेत, आणि हेतूही चांगला असतो. मूर्तीला ऑइलपेंट लावतात, ती चकचकीत होते, पण शिल्पकाराची रेष रंगाखाली जाते. भिंत गळते म्हणून सिमेंटचा गिलावा मारतात. जांभा सच्छिद्र, त्याला पाणी बाहेर टाकायची सवय. गिलाव्यामागे पाणी अडलं की तो आतून भुगा होतो. जमिनीला फरशी बसवतात, आणि फरशीखाली जे होतं त्याचा हिशेब संपतो. एका गावात आम्ही गेलो तेव्हा जुनी झिजलेली मूर्ती नव्या संगमरवरी मूर्तीच्या प्रतिष्ठापनेनंतर समुद्रात विसर्जित झालेली होती. आदल्याच वर्षी. गावकऱ्यांनी सगळे विधी शास्त्राप्रमाणे केले होते. त्यांना दोष कसा द्यायचा? तिचं वय किती, हे त्यांना सांगायला आपल्यापैकी कुणी गेलंच नव्हतं.

दुसरा धोका चोरीचा. भिंतीत कोरलेली मूर्ती कुणी उचलून नेऊ शकत नाही. सुटा चेहरा नेऊ शकतो. 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं शिल्प ही पुरावस्तू ठरते, ते खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत काही सापडलं तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि त्यासाठी किमतीची मर्यादा आहे अवघी दहा रुपये. पण चोरी झाल्यावर कायदा विचारतो, तुमच्याकडे फोटो आहे का? माप आहे का? बहुतेक गावांकडे नसतं.

म्हणून आमची विनंती साधी आहे. तुमच्या गावात, आजोळी, सासरी अशी एखादी घुमटी, वीरगळ, गुहा असेल तर पुढच्या गणपतीला गेलात की प्रत्येक शिल्पाचे समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढा. शेजारी एक पट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. तारीख लिहा. वडीलधाऱ्यांनी सांगितलेली गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, पांडवांसकट. एक प्रत देवस्थानाच्या दप्तरात ठेवा, एक राज्याच्या पुरातत्त्व विभागाला पाठवा. खडूने रेषा भरू नका, पीठ चोळू नका, पाणी मारू नका. आणि आत जाण्याआधी विचारा. ती जागा आधी गावाची आहे.

हे फार मोठं काम वाटतं का? कुडोपीच्या सड्यावरची कातळशिल्पं आठवा. गुरं चरत होती त्यांच्यावर. माणसांनी पायी फिरून, मापं घेऊन नोंदी केल्या, आणि 2022 साली कोकणातल्या कातळशिल्पांबरोबर कुडोपीचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलं. सुरुवात नोंदीपासूनच झाली होती.

परत निघताना ते मघाचे गृहस्थ पायरीवरच बसलेले होते. “काय, बघितलात?” आम्ही होय म्हटलं, आणि विचारलं, आजोबा, ते चेहरे कुणाचे हो? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “आमचेच कोण तरी असतले.”

त्यांचं उत्तर आम्हाला पुरेसं वाटलं. काम त्याच्या पुढचं आहे, ते आपल्याला करायचंय. पावसाळा संपला की जा. सोबत टॉर्च न्या आणि एक पट्टी.